ऐकावे जनाचे, करावे मनाचे : रेडिओ केंद्र आणि बाहेरचा सल्लागार



आजचा विषय थोडा वेगळा आहे. रेडिओ केंद्रावर बाहेरून बोलावलेला सल्लागार नेमके काय काम करतो, ते आज पाहू. "शाळेचा आणि याचा काय संबंध?" असे तुम्ही म्हणाल. संबंध आहे, आणि तो मला आमच्या शाळेच्या परिपाठामुळे कळला. म्हणून आधी ती गोष्ट सांगते.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी. गावाने लोकवर्गणीतून शाळेला एक स्पीकर आणि माईक घेऊन दिला. तेव्हापासून मुले परिपाठाला "आपला रेडिओ" म्हणायला लागली. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष हे सगळे असायचेच. पण शेवटी मुले "गावची बातमी" सांगायची. कुणाची शेळी हरवली, नळाला उद्या पाणी किती वाजता येणार, रेशन कधी मिळणार. कुंपणापाशी दोन-चार आजी-आजोबा ते ऐकायला उभे राहायचे.

मग एकदा एका संस्थेचे तज्ज्ञ शाळा पाहायला आले. दोन दिवस थांबले, सगळे टिपून घेतले. जाताना त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. परिपाठ पस्तीस मिनिटे चालतो तो पंधरा मिनिटांवर आणा, लहान मुले उन्हात उभी असतात. बोधकथा मुलांकडून वाचून घेण्यापेक्षा चांगल्या आवाजातली रेकॉर्ड केलेली लावा. आणि गावची बातमी बंद करा, तिला शैक्षणिक मूल्य नाही.

आम्ही तिन्ही गोष्टी मान्य केल्या. तीन आठवडे परिपाठ घड्याळाच्या काट्यावर चालला. पुढे काय झाले ते शेवटी सांगते. पण त्या दिवसांत मनात सारखा एक प्रश्न होता : बाहेरून आलेल्या जाणकाराचे किती ऐकायचे? हा प्रश्न ज्यांच्यापुढे रोज असतो असे दुसरे कोण, हे शोधताना मी रेडिओपाशी येऊन पोचले.

सल्लागार म्हणजे कोण?

रेडिओ केंद्रावर रोजचे काम पाहणारी माणसे असतात : केंद्राचा मालक किंवा व्यवस्थापक, कार्यक्रम प्रमुख, निवेदक, गाणी निवडणारे, जाहिराती आणणारे. सल्लागार यांच्यापैकी कुणीच नसतो. तो पगारी नोकर नसून ठरावीक मानधनावर बाहेरून येतो. एकाच वेळी वेगवेगळ्या शहरांतल्या अनेक केंद्रांना तो सल्ला देतो. मात्र एकाच शहरातल्या दोन स्पर्धक केंद्रांचे काम सहसा घेत नाही. या पेशाचा मोठा विस्तार अमेरिकेत झाला, कारण तिथे खाजगी केंद्रे खूप होती आणि एकेका शहरात त्यांची श्रोत्यांसाठी चढाओढ असायची.

त्याची मुख्य कामे अशी :

१. ऐकणे. तो हॉटेलच्या खोलीत बसून दिवसभर ते केंद्र ऐकतो आणि स्पर्धकांची केंद्रेही ऐकतो.

२. तासाचे घड्याळ आखणे. कागदावर गोल काढून त्याचे साठ मिनिटांचे भाग पाडतात. कोणत्या मिनिटाला गाणे, कुठे जाहिरात, कुठे बातमी, निवेदकाने कधी बोलायचे हे त्यात ठरते.

३. श्रोत्यांची चाचणी. निवडक लोकांना गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवून "आवडते, नावडते, कंटाळा आला" असे विचारायचे आणि त्यावरून गाण्यांची यादी ठरवायची.

४. निवेदकांना शिकवणे. यासाठी एक साधी युक्ती असते. माईक चालू असेल तेवढेच रेकॉर्ड करणारे यंत्र लावतात. गाणी गळून जातात आणि निवेदकाचे बोलणे तेवढे उरते. मग दोघांनी बसून ते ऐकायचे. आपण तीच तीच वाक्ये किती वेळा बोलतो, हे माणसाला तेव्हा कळते.

एक गोष्ट लक्षात घ्या. कागदोपत्री सल्लागाराच्या हातात फक्त सल्ला असतो, निर्णय केंद्राचा असतो. पण आपल्याकडे म्हणतात ना, पिकते तिथे विकत नाही! केंद्रातला माणूस दहा वर्षे जे सांगत असतो ते कुणी मनावर घेत नाही, आणि तेच बाहेरच्याने सांगितले की दुसऱ्या दिवशी अंमलात येते. कधी मालकाला एखादा कटू निर्णय घ्यायचा असतो, तेव्हा "सल्लागारांनी सांगितले" ही ढालही होते.

बाहेरच्या कानाची ताकद

आता एक खरे उदाहरण पाहू. १९६५ साली लॉस एंजेलिसमधले केएचजे हे केंद्र श्रोत्यांच्या बाबतीत बरेच मागे पडले होते. तिथे बिल ड्रेक यांना सल्लागार म्हणून आणले. त्याआधी फ्रेस्नो आणि सॅन डिएगो इथल्या केंद्रांवर त्यांनी काम केले होते. जीन शेनॉल्ट हे त्यांचे भागीदार.

ड्रेक यांनी फार काही नवीन शोधून काढले नाही. असलेल्यातले नको ते काढले. निवेदकांचे पाल्हाळ कमी केले. जाहिराती कमी केल्या. लांबलचक जिंगल तोडून काही सेकंदांच्या केल्या. गाण्यांची यादी आटोपशीर ठेवली. बहुतेक केंद्रे बातम्या तासाच्या ठोक्याला द्यायची. ड्रेक यांनी त्या तासानंतर वीस मिनिटांनी आणि तासाला वीस मिनिटे असताना ठेवल्या. कारण साधे होते : दुसऱ्या केंद्रावर बातम्या लागल्या की ऐकणारा काटा फिरवतो. त्या वेळी आपल्याकडे गाणे चालू असले पाहिजे.

काही महिन्यांतच केएचजे शहरात पहिल्या क्रमांकावर गेले. ड्रेक यांनी घरी खास टेलिफोन लाइन घेतल्या होत्या. त्यावरून ते लांबच्या शहरातले आपले केंद्र केव्हाही ऐकू शकत.

हे बाहेरच्या माणसालाच का जमले? मला वाटते, आतल्या माणसाच्या कानाला आपल्या घरचा आवाज सवयीचा होतो. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येत नाही, तसे. केंद्रातल्या प्रत्येकाला आपले बोलणे आवश्यक वाटत होते. बाहेरून आलेल्याला मात्र ते फक्त लांबलेले बोलणे वाटले.

पण इथे एक नाव विसरले जाते. केएचजेचे रोजचे काम रॉन जेकब्ज हे कार्यक्रम प्रमुख पाहत होते. ड्रेक यांचा आराखडा रोज सकाळी उभा करणारा, निवेदकांना सांभाळणारा माणूस आत बसलेला होता. आराखडा कितीही चांगला असला, तरी तो राबवणारा आत असावा लागतो.

टेलिफोन सांभाळणारीचा कान

ड्रेक यांचा आराखडा पुढे सॅन फ्रान्सिस्को, बॉस्टन, मेंफिस अशा अनेक शहरांत गेला. त्यातले एक केंद्र होते सीकेएलडब्ल्यू, कॅनडातल्या विंडसर या गावी. नदीच्या पलीकडे अमेरिकेतले डेट्रॉइट शहर. पन्नास हजार वॉटची क्षमता असल्यामुळे केंद्र दूरवर ऐकू जायचे.

या केंद्रावर रोझली ट्रॉम्बली नावाची बाई १९६३ च्या सुमारास टेलिफोन बोर्ड सांभाळायला लागली. पुढे तिला गाण्यांच्या संग्रहाचे काम मिळाले आणि १९६८ मध्ये ती संगीत विभागाची प्रमुख झाली. ती रेकॉर्डच्या दुकानांना फोन करायची, कुठली तबकडी खपते ते विचारायची, श्रोत्यांचे फोन नीट ऐकायची. डेट्रॉइटमधले कृष्णवर्णीय श्रोते काय ऐकतात, याकडे तिचा कान असायचा. त्यांच्या वस्तीत गाजलेली गाणी ती सगळ्यांसाठी लावायची.

एल्टन जॉन या गायकाचे 'बेनी अँड द जेट्स' हे गाणे आधी नुसते अल्बममध्ये होते. स्वतंत्र तबकडी म्हणून ते काढायचा त्याचा विचार नव्हता. डेट्रॉइटचे कृष्णवर्णीय श्रोते हे गाणे मागत आहेत हे रोझलीबाईंनी हेरले आणि तसे कळवले. गाणे स्वतंत्रपणे निघाले आणि १९७४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले.

आता विचार करा. त्या केंद्राचे तासाचे घड्याळ बाहेरच्या सल्लागाराने आखलेले होते. पण त्या घड्याळात कुठले गाणे बसवायचे, हे नदीकाठी राहणाऱ्या, रोज फोन उचलणाऱ्या बाईने ठरवले. दोघांपैकी एक जरी नसता, तरी ते केंद्र तसे झाले नसते. माझ्या दृष्टीने या लेखाचे सार इथेच आहे : आराखडा बाहेरून घेता येतो, पण कान आपलाच लागतो.

सल्ला चुकतो तेव्हा

दुसरी बाजूही पाहू. मे २०१५ मध्ये कीथ हिल या अमेरिकन सल्लागाराची मुलाखत एका व्यावसायिक पत्रात आली. अमेरिकेत 'कंट्री' नावाचा ग्रामीण वळणाच्या गाण्यांचा प्रकार आहे. तो वाजवणाऱ्या केंद्रांना हिल यांचा सल्ला असा होता की, श्रोतेसंख्या वाढवायची असेल तर गायिकांची गाणी कमी ठेवा आणि दोन गायिका लागोपाठ लावू नका. त्यांनी सॅलडची उपमा दिली. सॅलडमध्ये मुख्य पाला म्हणजे पुरुष गायक आणि गायिका म्हणजे वरून टाकलेले टोमॅटो!

मोठा गदारोळ झाला. मार्टिना मॅकब्राइड या गायिकेने 'टोमॅटो' असे छापलेले टी-शर्टच काढले. हिल यांचे म्हणणे होते की, आपण आकडे सांगतो, मते नाही. आकडे तसे असतीलही. पण ते आले कुठून?

जे गाणे रेडिओवर फारसे लागत नाही, ते लोकांच्या ओळखीचे नसते. चाचणीत ओळखीच्या गाण्याला पसंती मिळते, अनोळखी गाण्याला मिळत नाही. मग सल्लागार सांगतो, "पसंती कमी आहे, आणखी कमी लावा." पुढच्या चाचणीत पसंती आणखी घसरते. असा आकडा आपलीच शेपटी धरून गोल फिरतो.

शिक्षकहो, हे आपल्या वर्गात घडत नाही का? "तो वाचताना अडखळतो" म्हणून आपण त्याला प्रकट वाचनाला उठवत नाही. वाचायला मिळत नाही म्हणून तो अडखळतच राहतो. वर्षाच्या शेवटी आपण म्हणतो, "मी म्हणालेच होते." पालकांच्याही बाबतीत तेच. "तिला गणित जमत नाही" असे घरात एकदा ठरले की, बाजारातला हिशोब तिच्याकडे कधी येत नाही.

सल्लागार खोटे बोलत नव्हता. त्याने चालू असलेली सवय मोजली आणि तिलाच नियम ठरवले.

आपल्या पुण्याचा एक प्रयोग

हे सगळे परदेशातले झाले. आता घरचे पाहू. १९५६ साली पुणे आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग झाला. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट एकत्र बसून रेडिओ ऐकत आणि त्यावर चर्चा करत. युनेस्कोच्या मदतीने ती कल्पना आपल्याकडे आणली गेली. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत ग्रामस्थांचे गट तयार झाले. अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. ऐकून झाल्यावर गटात चर्चा व्हायची आणि गावकऱ्यांचे प्रश्न परत पुण्याच्या केंद्राकडे जायचे.

म्हणजे कल्पना कॅनडाची, पाठबळ युनेस्कोचे, आणि परिणाम तपासायला टाटा समाजविज्ञान संस्थेत आलेले समाजशास्त्रज्ञ पॉल नूरात. तेही बाहेरचेच, ऑस्ट्रियात जन्मलेले आणि अमेरिकेत शिकवणारे. त्यांनी तुलना नीट केली : चर्चा गट असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओ नसलेली गावे. जिथे गट बसत होते तिथे लोकांची माहिती ठळकपणे वाढली. जिथे नुसता रेडिओ होता तिथे फारच थोडी वाढली.

याचा अर्थ काय? नुसते ऐकवण्याने काम भागत नाही. ऐकणाऱ्याला बोलायला जागा लागते. बाहेरून आलेली कल्पना इथे रुजली, कारण बोलणारी माणसे गावची होती, भाषा गावची होती आणि प्रश्नही गावाचेच होते. पुढे १९५९ पासून हे गट देशभर सुरू झाले.

पुन्हा आमच्या परिपाठाकडे

तीन आठवडे गावची बातमी बंद होती, असे मी वर म्हटले. परिपाठ वेळेत संपायचा. रेकॉर्ड केलेली गोष्ट स्वच्छ ऐकू यायची. तक्रार करायला जागा नव्हती.

आमच्या तिसरीत एक मुलगी आहे. वर्गात ती विचारल्याशिवाय बोलत नाही, विचारले तरी मान हलवते. मात्र सोमवारी गावची बातमी तिच्याकडे असायची. तिची आजी नळाच्या पाण्याची वेळ सांगून पाठवायची आणि ती माईकवर ठणठणीत आवाजात सांगायची. बातमी बंद झाली, आणि हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. तेही मला स्वतःहून कळले नाही. आजी शाळेत आली आणि म्हणाली, "बाई, पोरीला काय बोललात का? पाण्याचं सांगू नको म्हणती मला. शाळेत इचारत न्हाईत म्हणती."

मला फार वाईट वाटले. पाहुण्यांना ती मुलगी माहीत असण्याचे कारणच नव्हते. दोन दिवसांत कशी कळणार? ती मला माहीत होती. तरी मी "यात शैक्षणिक मूल्य नाही" हे वाक्य वहीत लिहून घेतले आणि मान डोलावली. चूक सल्ल्यापेक्षा माझ्या मान डोलावण्यात जास्त होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघा शिक्षकांनी बसून ठरवले. पंधरा मिनिटांची मर्यादा ठेवायची, कारण ते म्हणणे खरेच होते. आधी उन्हात पहिलीची एक-दोन मुले मटकन खाली बसायची आणि आम्हाला त्याचे काही वाटेनासे झाले होते! रेकॉर्ड केलेली गोष्ट फक्त शनिवारी. आणि गावची बातमी पुन्हा सुरू, रोज तीन मिनिटे. पुढच्या सोमवारी ती माईकपाशी आली तेव्हा पहिल्यांदा आवाज फुटेना. पाण्याची वेळ तिने दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा ऐकू आली. अजून ती पूर्वीसारखी बोलत नाही. सुधारते आहे.

सल्ला घेताना विचारायचे तीन प्रश्न

शाळेत साधनव्यक्ती येतात, संस्था येतात, ॲप विकणारे येतात. घरी पालकांनाही शिकवणीवाल्यांपासून नातेवाइकांपर्यंत सगळे सल्ले देतात. कुणालाही दारातून परत पाठवू नका. फक्त तीन प्रश्न विचारा :

- आम्हाला सवयीने ऐकू येईनासे झालेले असे तुम्हाला काय ऐकू आले?
- हा सल्ला कुणाला विचारून तयार झाला, आणि कुणाला विचारायचे राहिले?
- सल्ला चुकला तर ते सगळ्यात आधी कुणाला भोगावे लागेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा "मुलाला" असे येते. म्हणून शेवटचा निर्णय त्या मुलाला ओळखणाऱ्याने घ्यायचा.

वर्गात घेण्यासारखे उपक्रम

तासाचे घड्याळ (इयत्ता चौथी-पाचवी) : मुलांना मोठा गोल काढायला सांगा. त्यात एका तासाचा आपला रेडिओ आखायचा. गाण्यांना चाळीस मिनिटे दिली तर तासाचा कितवा भाग झाला? बातम्यांना दहा मिनिटे म्हणजे किती? अपूर्णांक आपोआप समजतात. मग गटांनी घड्याळे बदलायची आणि दुसऱ्या गटाला "सल्लागार" म्हणून एक सूचना करायची. सूचना मानायची की नाही ते पहिल्या गटाने कारण देऊन सांगायचे. कारण देणे महत्त्वाचे, होकार-नकार नाही.

माईकची चाचणी (शिक्षकांसाठी) : स्वतःचा तास मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि घरी एकटे ऐका. आपण किती वेळ बोललो आणि मुले किती वेळ बोलली, हे घड्याळ लावून मोजा. मी मोजले. आकडा इथे लिहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी वर्गात मी बरीच गप्प होते.

न बोलणाऱ्याला विचारा (शिक्षक आणि पालक) : पूर्वी 'आपली आवड'साठी आकाशवाणीला लोक पत्रे पाठवून गाणी कळवायचे. तशी वर्गात एक पेटी ठेवा. "शाळेत काय बंद होऊ नये असे वाटते?" एवढाच प्रश्न. जो हात वर करत नाही, त्याची चिठ्ठी आधी वाचा.

आमच्याकडच्या पेटीत पहिल्याच आठवड्यात एक चिठ्ठी आली. अक्षर तिसरीतले होते. लिहिले होते, "पाण्याची बातमी."